चिंचेखालच्या बाईची पुरी गोष्ट

आमच्या घराण्यात प्रत्येकाला काही ना काही येतं. थोरला चुलतभाऊ तबला वाजवतो, बहिणीच्या हाताला चव आहे, धाकटे काका कुठलंही कुलूप किल्लीशिवाय उघडतात. मला भुताच्या गोष्टी सांगता येतात. लग्नकार्यात जेवणं उरकून माणसं सतरंज्यांवर कलंडली की कुणीतरी म्हणतंच, "हं, काढा तुमची हडळ बाहेर." मग मी दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा घसा खाकरतो. दोनदाच का, तर तिसऱ्यांदा कुणी आग्रह केला नाही तर पंचाईत.

माझ्याकडे मुंजा आहे, साती आसरा आहेत, एक बरा खवीस आहे. पण हुकमी गोष्ट एकच, चिंचेखालच्या बाईची. ती मला माझ्या आत्याकडून मिळाली. आई तरुणपणी हिंजवडीच्याही पुढच्या एका खेड्यात शाळेत शिक्षिका होती. तेव्हा तिकडे भाताची खाचरं होती आणि संध्याकाळी कोल्हे ऐकू यायचे. वडील पिंपरीला कारखान्यात होते, रविवारचे यायचे. आईला सोबत म्हणून आत्या तिथे राहिली होती. त्या गावात चिंचेखाली एक सुईण एकटीच राहायची. एका वर्षी तिनं सोडवलेल्या दोन बाळंतिणींची मुलं लागोपाठ गेली. गावानं ओळखलं की ही भुताळी आहे. देवऋषी आला, त्यानं तिच्यापुढे लिंबू ठेवलं, ते आपोआप फिरलं. तिची धिंड काढायचं ठरलं, त्याच दुपारी तिनं विहिरीत उडी टाकली. तेव्हापासून गरोदर बाई त्या चिंचेखालून गेली की मागून बांगड्या वाजतात.

इतकी आत्याची. पुढची कारागिरी माझी. आत्याच्या गोष्टीत बाईचे पाय सरळ होते. ते मी उलटे केले, कारण श्रोत्यांच्या काही अपेक्षा असतात. एक काळं मांजर घातलं. हिरव्या बांगड्यांपैकी एक फुटकी केली, म्हणजे आवाज जरा वेगळा यावा. ही गोष्ट सुरू झाली की आई मात्र उठून स्वयंपाकघरात जायची. मला वाटायचं, आवराआवरी करायला जाते.

पुढे कॉम्प्युटर आले, हिंजवडीत काचेच्या इमारती उठल्या आणि माझ्यासारख्या माणसालाही तिथे नोकरी लागली. माझं काम टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून काढण्याचं. पस्तिशी गाठलेला मी आणि भोवती सगळी बाविशीची मुलं. ती मला सर म्हणायची, माघारी काका.

कंपनीची आमची बस संध्याकाळी आधी पुढच्या गावात जाऊन हॉस्टेलच्या मुलींना सोडायची आणि मग कर्वेनगरकडे वळायची. पुढचं गाव म्हणजे आईच्या शाळेचंच. कंपनीच्या फाटकापासून त्या गावाच्या वेशीपर्यंत अंतर तीनेक किलोमीटर, पण वेळ पाऊण तास. पूर्वी रानात माणसाला चकवा लागायचा, बिचारा त्याच बांधावर गोल गोल फिरत राहायचा. आम्हाला तो रोज सहा वाजता लागायचा, वर गळ्यात ओळखपत्र.

त्या पाऊण तासात मी गोष्टी सांगू लागलो. पुढच्या सीटवर उलटा बसायचो, गुडघे सीटच्या पाठीला टेकवून. आणि चिंचेखालची बाई सांगताना माझी एक युक्ती होती. गावाच्या वेशीवर खरोखरच एक मोठी चिंच होती, तिच्याखाली निळ्या दाराचं बैठं घर. मी शेवट बरोब्बर त्या चिंचेपाशी आणायचो. गाड्या अडल्या तर मधे मांजर जास्त फिरवायचो, रस्ता मोकळा मिळाला तर देवऋषी दोन वाक्यांत उरकायचो. "...आणि ती चिंच," असं म्हणून मी खिडकीबाहेर बोट करायचो. बसभर किंकाळ्या. मुली तिथेच उतरायच्या. त्या एकमेकींचे हात धरून पळत गेल्या की मला फार समाधान वाटायचं. चिंच तीच का दुसरी, ते मी कधी विचारलं नव्हतं. घर कुणाचं, तेही नाही. बाईला तर आत्यानं विहिरीत टाकलंच होतं.

महिना-दीड महिना हे यश मी उपभोगलं. मग एक दिवस कँटीनमध्ये आमच्या टीममधली अमरावतीची मुलगी माझ्यासमोर येऊन बसली. बोलकी पोरगी, पण त्या दिवशी चमच्यानं पोहे नुसते इकडून तिकडे करत होती.

"सर, एक विचारू? ती गोष्टीतली बाई म्हणजे आजीच का?"

"कोण आजी?"

"चिंचेखालच्या. आमच्या डब्याच्या आजी. सगळं हॉस्टेल त्यांच्याच हातचं जेवायचं, सर. आता मीच एकटी राहिली."

मी चहा खाली ठेवला. "ती जिवंत आहे?"

"तुम्हाला माहीतच नाही?" ती माझ्याकडे बघत राहिली. "पोरींनी डबा बंद केला. एकीनं हॉस्टेलच्या काकूंना सांगितलं, काकूंनी गावात सांगितलं. मंग गावातल्या म्हाताऱ्यांना सगळं जुनं आठवलं. परवा कोणीतरी त्यांच्या दारात लिंबू अन् बिब्बा टाकून गेलं. काल म्हणे सरपंचाकडे बोलणं झालं, बाईला इथून हलवा म्हणून. आजी मात्र, सर, रोज तेवढ्याच भाकरी करते अन् कुत्र्यांना घालते."

टेस्टिंगच्या नोकरीत एवढी मोठी चूक मला कधी सापडली नव्हती, आणि ही माझ्याच हातची होती.

त्याच संध्याकाळी बसमध्ये उभं राहून मी जाहीर केलं की ती गोष्ट खोटी आहे, उलटे पाय माझ्या पदरचे आहेत आणि मांजरही.  मग मागच्या सीटवरून एकजण म्हणाला, "सर, तिनं तुम्हाला धमकी दिली का?" सगळी बस खूश. मी शपथ घेतली. "बघा, बघा, सर घाबरलेत." मी जितकं नाही म्हणालो तितकी ती खरी होत गेली. चिंच आली तेव्हा कुणी किंचाळलंसुद्धा नाही. मुली खाली मान घालून, घराच्या बाजूला न बघता निघून गेल्या. पंधरा वर्षांत माझ्या गोष्टीचा इतका परिणाम झाला नव्हता.

घरी आलो तर आई शब्दकोडं सोडवत होती. मी तिला सगळं सांगितलं, उलट्या पायांसकट. तिनं पेन्सिल खाली ठेवली नाही, पण पुढचं अक्षरही लिहिलं नाही.

"आत्यानं सांगितली ना ही तुला?"

"हो."

"तिला काय माहीत? धिंड काढणार म्हटल्याबरोबर ती पहिल्या एसटीनं पळाली. ती आली थेट तुझ्या बारशाला."

"मग विहीर?"

"विहीर तिनं घातली. खरं काय झालं ते सांगितलं होतं तिला मी. ते तिला अळणी वाटलं." आईनं माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "कुणावर गेला आहेस ते आता कळलं असेल. उद्या शनिवार आहे ना? गाडी काढ."

सकाळी दहाच्या सुमारास आम्ही चिंचेपाशी उतरलो. निळं दार उघडं होतं. ओट्यावर एक सडसडीत म्हातारी ज्वारी निवडत होती. नऊवारी लुगडं आणि खाली गुलाबी पट्ट्यांचे स्पोर्ट शूज, हॉस्टेलच्या कुण्या मुलीनं जाताना दिलेले. माझी नजर त्या बुटांवरून हलेना.

"काय बघतूस?" ती म्हणाली. "सरळच हायती."

म्हणजे गोष्ट तिच्यापर्यंत बारकाव्यांसकट पोचली होती. मी काही बोलायच्या आत आई पुढे झाली. म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"बाई? तुमी?"

"मीच गं."

"लई वरसं लावलीत. येनार म्हनून वाट बघायचं बी सोडलं हुतं मी."

 आई तिच्या शेजारी ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "बदली झाली. मग राहूनच गेलं. चुकलंच." मग माझ्याकडे बोट करून, "कंपनीच्या बसमधला तो गोष्टीवाला म्हणजे हा."

म्हातारी उठून जवळ आली. तिनं माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"ह्यो? ह्यो त्यो पोटातला?"

"तोच."

"आरं देवा," म्हणून ती हसायला लागली. हसता हसता ओट्यावर बसली. "पंधरा दिस झोपले न्हाई मी ह्याच्यापायी. आन् ह्योच गावभर सांगतुया माजे पाय उलटे!"

मग त्या दोघींनी मिळून मला माझ्याच गोष्टीचा उरलेला भाग सांगितला.

दोन मुलं गेली होती, ते खरं. जुलाब-उलट्यांनी गेली. सुईणीनं घरोघरी सांगितलं होतं की विहिरीचं पाणी बिघडलंय, उकळून प्या. देवऋषी सांगत होता कोंबडं द्या. दोघांपैकी एकाचंच चालणार होतं. गावात दुखणं वाढलं तसं देवऋषीनं नाव काढलं, आणि मग प्रत्येकाला काही ना काही आठवायला लागलं. हिनं अमक्याच्या म्हशीकडे बघितलं होतं. तमकीच्या ओटीतला नारळ नासका निघाला होता. तिला पाणवठा बंद केला. गरोदर बाईवर तिची सावली पडू नये म्हणून ती यायच्या वाटेवर काटे टाकले. एके दिवशी मारुतीच्या पारावर गाव जमलं. तिचं डोकं भादरायला न्हाव्याला निरोप गेला होता.

"म्या चूल पेटीवली," म्हातारी म्हणाली. "म्हटलं, डोकं भादरायच्या आधी भाकरी तरी खाऊन घ्यावी. तंवर ह्या आल्या, एवढं पोट घिऊन."

आई तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती. पोटात मी. ती शाळा सोडून थेट चिंचेखाली आली, तव्यावरची भाकरी मागून घेतली आणि सुईणीला बरोबर घेऊन पारावर गेली. सगळ्या गावासमोर पारावर बसली.

"काय बोललीस तू?" मी विचारलं.

"भूक लागलीय म्हटलं. खरंच लागली होती." आई सांगत होती आणि हातानं ज्वारीतले खडे काढत होती. "आख्खी भाकरी खाल्ली. वर चटणी होती.  मग मी म्हटलं, हिच्या हातचं माझ्या पोटात गेलंय. आता तीन महिने थांबा. माझं मूल वाकडं झालं तर तुमचं खरं. नीट झालं तर काय कराल ते आत्ता सांगा, सगळ्यांसमोर."

"आणि?"

"पाटील म्हणाले, मग बाईच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. तोवर पाणी उकळून प्यायचं तेवढं मी कबूल करून घेतलं. मुलांना शाळेत शिकवतोच की आपण, घरी जाऊन सांगा म्हणून."

मी आईकडे बघत राहिलो. ही बाई लहानपणी रस्ता ओलांडताना माझा दंड घट्ट धरायची. कोपऱ्यावरचं भेळेचं पाणी चालत नाही म्हणून मला कधी भेळ खाऊ दिली नाही. त्या बाईनं पहिलं मूल एका परक्या सुईणीच्या जिवासाठी गावासमोर पणाला लावलं होतं, आणि उरलेली चटणी पुसून खाल्ली होती.

"आई, आणि माझं काही बरंवाईट झालं असतं तर?"

"तुला काय व्हायचंय. तुला नुसता आळस होता. नऊ महिने भरले तरी तुझा पत्ता नाही."

"पंधरा दिस," म्हातारी म्हणाली. "रोज सकाळी गाव दारात. झाली का, झाली का. देवऋषी म्हनायचा, अडीवलंय हिनंच. माजं काळीज हातात. मी पोटावर हात ठिवून ह्याला सांगायची, आरं बाबा, ये की भाईर, कुनाचा तरी जीव टांगलाय."

मला आजवर शाळेत उशीर झाला, लग्नाच्या मुहूर्ताला उशीर झाला, कंपनीत तर त्याची वेगळी नोंद होती. पण उशिरानं येऊन एखाद्या बाईला पंधरा दिवस मरणाच्या दारात उभं केल्याचं मला प्रथमच कळत होतं. सोडवलं तिनंच मला, दिवसाढवळ्या, दार उघडं ठेवून. मी सव्वाचार किलोचा निघालो. आईनं मला कपड्यात गुंडाळून म्हातारीच्याच हातात दिलं आणि म्हणाली, आता पारावर घेऊन जा. तिनं नेलं. गावानं मला उलटासुलटा करून बघितलं, बोटं मोजली. मी म्हणे पाटलांच्या धोतरावर मुतलो. एवढ्यावर प्रकरण मिटलं. माझ्या सगळ्या आयुष्यात हातून झालेलं सगळ्यात उपयोगी काम ते, आणि तेही काही न करता.

बोलणं चाललं तोवर "शाळेच्या बाई आल्यात" ही बातमी गावात पोचली होती. कुंपणापाशी एकेक बाई येऊन उभी राहू लागली, चाळिशी ओलांडलेल्या. आईनं म्हातारीला भाकरी टाकायला सांगितली आणि सगळ्यांना दिसेल अशी ओट्याच्या कडेला बसून जेवायला लागली. जेवता जेवता एकेकीकडे बघून म्हणाली, "तू दुसरीत होतीस ना? तुझा धाकटा भाऊ कुणी सोडवला होता? आईला विचारलं होतंस का कधी? आणि तू, पाढे येत नव्हते ती. अजून मोजता येत नाही वाटतं. हिनं या गावात किती मुलं काढली आणि किती गेली, मोज बघू."

पाढे न येणारी बाई कुंपणाच्या आत आली. मग दाराच्या कोपऱ्यात पडलेलं ते सुकलेलं लिंबू तिनं उचललं, पदरात घेतलं आणि निघून गेली. कुणी टाकलं होतं ते कुणी विचारलं नाही. सरपंचाकडचं बोलणं मग सरपंचाकडेच राहिलं.

निघताना मी म्हातारीच्या पाया पडलो. म्हटलं, माफ करा, मी ही गोष्ट पुन्हा तोंडातून काढणार नाही.

"का?" ती म्हणाली. "आर्दी सांगितलीस म्हनून ह्ये झालं. सांग की पुरी. पर ऐक, पोरींनी डबा न्हाई घेतला तर माजं काय बी जात न्हाई, कुत्री हायती. पर त्या चिंचंखालनं जाताना माज्याकडं बघत न्हाईत, त्ये सोसत न्हाई."

सोमवारी सकाळी कंपनीत जायच्या आधी मी तिच्याकडून दोन भाकरी आणि ठेचा बांधून घेतला. संध्याकाळी बस निघाल्यावर पुढच्या सीटवर उलटा बसलो आणि म्हटलं, चिंचेखालच्या बाईची गोष्ट, शेवटासकट. पोरं म्हणाली, सर, पुन्हा? मी डबा उघडला. ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "साहेब, गाडीत खायला मनाई हाय." म्हटलं, आज खाऊ द्या, हा गोष्टीचाच भाग आहे.

पारावरचा प्रसंग आला तिथे मी पहिला घास घेतला. हिशेबाप्रमाणे हा क्षण भारदस्त व्हायला हवा होता. पण तो ठेचा मला झेपला नाही. उचकी लागली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि माझी आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मी दर चार शब्दांना एक उचकी देत सांगितली. मुलांना वाटलं मी गहिवरलो आहे. मी ते दुरुस्त केलं नाही. थोडासा गहिवरलोही होतो. मधे मांजर नव्हतं, बांगड्या नव्हत्या. "आणि ते पोटातलं मूल," मी म्हणालो, "म्हणजे हा बघा." आणि मी उभा राहिलो. पोट सुटलेला, टक्कल पडत आलेला, उचक्या देणारा पुरावा.

कुणी हसलं नाही. अमरावतीची मुलगी उठली, तिनं माझ्या डब्यातली अर्धी भाकरी तोडली आणि उभ्यानं खाल्ली. "ठेचा थोडा कमीच तिखट आहे, सर," ती म्हणाली. मग हसली बस. मग दुसरीनं हात पुढे केला, मग मागच्या सीटवरच्या त्या टोमणेवाल्यानं. चिंच आली तेव्हा डब्यात काही उरलं नव्हतं.

म्हातारी दारात उभी होती, गुलाबी पट्ट्यांचे बूट घालून. मुली उतरल्या. एक-दोघी तरीही सरळ हॉस्टेलकडे गेल्या, हे सांगायला हवं. त्यांनी डबा पुन्हा कधीच घेतला नाही. बाकीच्या चिंचेखाली थांबल्या आणि तिच्याकडे बघून, जरा अवघडून, "आजी, उद्यापासून..." असं काहीतरी बोलू लागल्या. ती त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत होती. मी खिडकीतून मान हलवली.

"उशीर केल्यालं बी सांगितलंस का?" तिनं ओरडून विचारलं.

"सांगितलं."

"मंग जा आता घरी. बाईंला म्हनावं, ह्या खेपेला वरसं लावू नका."

आईनं लावली नाहीत. दर संक्रांतीला मी तिला तिळगूळ घेऊन चिंचेखाली सोडायचो, म्हातारी होती तोवर.

लग्नकार्यात मला अजूनही आग्रह होतो. मुंजा सांगतो, आसरा सांगतो, आणि हुकमी म्हणून तीच सांगतो. आताच्या लहान मुलांना तिच्यात भूत नाही हे आधी खटकतं. पण पोटातल्या मुलाचं काय होणार, या जागी ती बरोबर गप्प होतात. एक फरक मात्र पडलाय. पूर्वी ही गोष्ट सुरू झाली की आई स्वयंपाकघरात जायची. आता ती खुर्ची ओढून मागे बसते, गुडघ्यांवर हात ठेवून.

"आणि मग ते चार किलोचं मूल..." मी म्हणतो.

"सव्वाचार," मागून आवाज येतो.